बिनधास्त विचारा: एसटीतून आलेली डबी आणि नोबेलवाला मायक्रोआरएनए

या महिन्याची पत्रं उघडली आणि हसू पण आलं, वाईट पण वाटलं. चार पत्रं आणि चौघांना विचारायचंय एकच, फक्त प्रत्येकाने ते वेगळ्या फडक्यात गुंडाळलंय. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तर पण मोठंच झालंय, चहा घेऊन बसा.

"ताई, आम्ही गुहागरच्या पुढच्या एका बंदरातले. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. मिस्टर ट्रॉलरवर इंजिन बघतात, आठ-आठ दिवस समुद्रावर असतात. माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी दोनदा कौल लावला, दोन्ही वेळा उजवा मिळाला म्हणून घरातले म्हणाले थांबा, होईल. शेवटी मिस्टर तयार झाले तपासायला, पण लॅबमध्ये यायला नको म्हणाले, मग मीच घरून डबी घेऊन एसटीने चिपळूणला गेले. रिपोर्टमध्ये काउंट, म्हणजे स्पर्मची संख्या, ९ मिलियन आणि मोटिलिटी, म्हणजे हलणारे स्पर्म, ११ टक्के आलीय. माझा मुंबईचा भाऊ म्हणतो मायक्रोआरएनएला नोबेल मिळालंय, त्याची टेस्ट केली की नक्की दोष कुठे ते कळतं आणि औषध पण निघालंय. खरं काय ते सांगा. मिस्टर तेव्हापासून जेवणावरून उठून जातात." – सौ. क.

वहिनी, आधी मला त्या डबीचं सांगा. घरातून निघाल्यावर स्टँडवर गाडीची वाट बघितली असणार, मग दीड-दोन तास एसटी, मग लॅबची लाइन. बरोबर ना? वीर्याचा नमुना तासाभरात लॅबच्या टेबलावर पोचला पाहिजे, अर्ध्या तासात पोचला तर उत्तमच, आणि अंगाच्या उबेत ठेवून. पर्समध्ये पाण्याच्या बाटलीला चिकटून नाही. मी रोज मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते म्हणून सांगते, ताज्या थेंबात स्पर्म सरळ रेषेत सटासट जातात, काही गोल गोल फिरतात, काही जागच्या जागी वळवळतात. आणि प्रवासातून आलेल्या थेंबात बघावं तर सगळं गपगार, मधेच एखादं डोकं हलतंय. ते मेलेत की नुसते गारठलेत हे काढायला वेगळा रंग घालून बघावं लागतं, आणि ते सगळ्या लॅब करतात असं नाही. म्हणून तुमची ती ११ टक्के मोटिलिटी मी तरी सोडून देईन, तिच्यावरून रडू नका.

काउंटचं मात्र एसटीवर ढकलता येणार नाही. गाडीत बसून आकडा कमी होत नाही. फक्त एक विचारा मिस्टरांना, पहिले थेंब डबीबाहेर सांडले होते का? सगळ्यात जास्त स्पर्म त्या पहिल्या थेंबांतच असतात, ते गेले की रिपोर्ट खोटाच येणार. लाजून कोणी सांगत नाही आणि आम्ही बिनबोभाट ९ मिलियन लिहून मोकळे. तर टेस्ट परत करायची, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता, आणि डबी लॅबमध्येच भरायची. दोन रिपोर्ट झाल्याशिवाय कोणावरही शिक्का मारायचा नाही.

आणि काउंटची नॉर्मलची रेघ म्हणून सांगतात तो मिलिलिटरला १६ मिलियनचा आकडा, डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकातला, तो पास-नापासचा नाही. ज्या जोडप्यांना वर्षभराच्या आत दिवस गेले त्यातल्या पुरुषांचे काउंट लावले तर तळातले पाच टक्के जिथे संपतात ती रेघ म्हणजे १६. म्हणजे त्या रेघेच्या खाली राहून बाप झालेले पण आहेतच त्यात. काही लॅबच्या छापील फॉर्मवर अजून २० मिलियनच आहे, पंचवीस वर्षांपूर्वीचं, छापून ठेवलेले कागद संपेनात म्हणून की काय देव जाणे.

आता तुमच्या भावाचा मायक्रोआरएनए. नोबेलचं खरं आहे. २०२४ चं मेडिसिनचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन या दोघा अमेरिकनांना मिळालं, आणि शोध लागला होता १९९३ साली, एक मिलिमीटरच्या किड्यात. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, किड्याचं काहीतरी असेल म्हणाले. २००० साली तसाच दुसरा एक सापडला आणि तो माणसातही आहे म्हटल्यावर मग सगळे धावले.

आहे काय ते? पेशीत जीन असतात, जीन कामाची चिठ्ठी पाठवतो, अमुक प्रोटीन बनवा म्हणून. खाणावळीत कशी टेबलावरून ऑर्डरची चिठ्ठी आत किचनमध्ये जाते तसं. मायक्रोआरएनए म्हणजे २२ अक्षरांच्या आसपासचा इवलासा तुकडा, तो स्वतः काही शिजवत नाही, तो जाऊन चिठ्ठीला चिकटतो आणि म्हणतो बस, पुरे, आता नको. मग ती चिठ्ठी एकतर बाजूला पडून राहते नाहीतर फाटते. एक तुकडा शेकडो चिठ्ठ्यांवर नजर ठेवू शकतो आणि एका चिठ्ठीवर दहा तुकडे टपलेले असू शकतात, त्यामुळे हिशोब लावताना भल्याभल्यांची दमछाक होते.

स्पर्म बनण्यात याचं एवढं काय अडलंय, तर ते समजायला आपली आगोट आठवा. मे महिन्यात आपण सुकट, सोडे, मसाला, तांदूळ सगळं भरून ठेवतो, कारण एकदा पाऊस लागला की बाजार बंद, होड्या वर. स्पर्मच्या पेशीचं पण तसंच आहे. शेवटच्या टप्प्यात तिला आपलं डोकं एकदम बारीक करायचं असतं, म्हणून ती सगळा डीएनए घट्ट आवळून बांधते. आणि एकदा गाठोडं आवळलं की त्यातून नवी चिठ्ठी निघत नाही, दुकान बंद! पण काम तर शिल्लकच असतं, शेपूट बनवायचं, डोकं आवळायचं. म्हणून लागणाऱ्या चिठ्ठ्या ती आधीच लिहून साठवते आणि काही काही दिवसच्या दिवस तशाच पडून असतात. ज्या प्रोटीनने डीएनए आवळायचा त्याचीच चिठ्ठी वेळेआधी उघडली तर अर्धवट बनलेली पेशी गाठोडं बांधून बसेल. म्हणून साठवलेल्या बरणीवर झाकण पाहिजे. झाकण ठेवणारे बरेच जण आहेत आणि मायक्रोआरएनए त्यातले एक. जूनमध्येच कोणी सगळे सोडे तळून खाल्ले तर आषाढात काय, तसला प्रकार.

हे झालं शेवटचं. सुरवातीला, जिथून स्पर्म निघतात त्या मूळ पेशी असतात, त्या संपू नयेत म्हणून मायक्रोआरएनए-२१ सारखे काही राखण करतात. बियाण्याचं भात शिजवायचं नाही हे घरात कोणीतरी बजावून सांगावं लागतं ना, तसं. संशोधकांनी उंदरांच्या या पेशींमधून डायसर नावाचं एन्झाइम काढून टाकून बघितलं, हे डायसर म्हणजे लांब आरएनए कापून मायक्रोआरएनएचे तुकडे पाडणारी विळीच. विळी नाही तर तुकडे नाहीत, आणि नर उंदरांची स्पर्म बनवायची लाइन मधेच मोडली, जे थोडे बनले ते वाकडेतिकडे.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग दुसराच आहे. मायक्रोआरएनए-३४ आणि ४४९ असे दोन गट, अंडकोषात भरपूर असतात. एक गट काढला तर उंदराला काही होत नाही, पोरंबाळं व्यवस्थित. दुसरा काढला तरी काही नाही. दोन्ही काढले तर मात्र वांझ. दोन भाऊ एका बागेची राखण करतात, एक मुंबईला गेला तर दुसरा बघतो, दोघेही गेले की माकडांचं राज्य. आणि पुढे नीट बघितल्यावर कळलं की भानगड नुसती स्पर्म बनण्यात नाही, अंडकोषातून बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्यांमधे केसांसारखे तंतू असतात, ते आतलं पाणी ढवळत राहतात, ते तंतूच नीट झाले नव्हते. त्यामुळे स्पर्म तिथेच गुठळी होऊन अडकत होते. म्हणजे बघा, सगळे किचनमध्ये दोष शोधतायत आणि तुंबलंय मोरीत.

माणसांमध्ये पण काउंट कमी असलेल्या पुरुषांच्या नमुन्यात यातले काही, विशेषतः ३४-सी, कमी सापडतात असं बऱ्याच संशोधकांना दिसलंय. पण कमी सापडले म्हणून दोष त्यांचाच असं नाही होत. स्पर्मच्या पेशीच कमी असतील तर त्यांच्यातला माल पण कमीच मिळणार ना. होडी रिकामी आली म्हणून जाळंच फाटलं होतं असं तुम्ही म्हणणार नाही, तुमच्या घरात तर नाहीच नाही.

म्हणून वहिनी, भावाला सांगा, नोबेल खरं, औषध खोटं. तेच मायक्रोआरएनए हृदयात, मेंदूत, लिव्हरमध्ये पण वेगवेगळी कामं करतात, एक इंजेक्शन देऊन फक्त अंडकोषात नेऊन सोडायचं म्हणजे सोपं नाही, शिवाय जिथे स्पर्म बनतात तिथे रक्तातून काय आत घ्यायचं यावर शरीराने स्वतःच चांगली भिंत घातलीय. टेस्ट करून आज तुमच्या मिस्टरांच्या उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही.

फरक पडेल तो इंजिनमुळे. अंडकोष पोटाच्या बाहेर लोंबतात ते उगाच नाही, त्यांना अंगापेक्षा २ ते ४ डिग्री गार जागा लागते. ट्रॉलरच्या इंजिनजवळ तासन्‌तास, वर ती जाड पँट. उष्णतेने स्पर्म कमी होतात हे जुनंच आहे, आणि उंदरांमध्ये बघितलंय की अंडकोष तापवले की तिथल्या मायक्रोआरएनएचं प्रमाण पण बदलतं. आता तुम्ही म्हणाल १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदीच असते, तेव्हा दोन महिने घरीच असतात की. बरोबर, पण एक स्पर्म बनायला साधारण ७४ दिवस लागतात, शिवाय अंडकोषामागच्या गुंडाळलेल्या नळीत, सुटी केली तर सहा मीटर भरेल ती, तिच्यातून यायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे जुलै अखेरच्या डबीत पण मे महिन्याच्या इंजिनचा हिशोब असतोच. बंदी उठल्यावर तांडेलाशी बोलून इंजिनचं काम आळीपाळीने करता आलं तर बघा, सलग तीनेक महिने डेकवर राहिले तर खूप.

आणि एक काम अजून झालेलं दिसत नाही, डॉक्टरने मिस्टरांना उभं करून तपासलंय का? अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगून गुंतलेल्या असतात त्याला व्हेरिकोसील म्हणतात, जास्त करून डाव्या बाजूला. शंभरात पंधरा पुरुषांना असतं, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांमध्ये तर पस्तीस-चाळीस जणांना. काहींना ऑपरेशनने फायदा होतो. बोटांनी चाचपून कळतं, कौल लावावा लागत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, उजवा कौल मिळालाय तर चांगलंच आहे, देवाने थांबा म्हटलं असेल पण तपासू नका असं तर म्हटलं नाही ना.

मिस्टरांना हे पान वाचायला द्या, तुम्ही समोर बसू नका. मूल न होणाऱ्या जोडप्यांमध्ये निम्म्या ठिकाणी पुरुषाकडे पण काही ना काही सापडतं. ते एकटे नाहीत, तुमच्याच बंदरात आणखी असतील, बोलत नाहीत एवढंच.

"नमस्कार. मी देवगडचा, हापूसची बाग आहे. दोन्ही रिपोर्टमध्ये स्पर्म शून्य आलेत. एफएसएच २२ आहे. मुंबईत एका क्लिनिकने ऑपरेशन करून आतून स्पर्म काढू म्हणून सांगितलं, पण त्याआधी मायक्रोआरएनए पॅनल करा, त्यावरून मिळतील की नाही ते आधीच कळेल म्हणाले. पैसे बरेच सांगितलेत. करू का?" – एक बागायतदार

दादा, पैसे खिशात ठेवा, निदान या टेस्टचे तरी. कल्पना चुकीची नाही हां. वीर्याच्या पाण्यात मायक्रोआरएनए बारीक पुड्यांमध्ये बांधलेले असतात, टिकतात चांगले, आणि स्पर्म शून्य असले तरी ते पाणी तर असतंच. त्यावरून रस्ता बंद आहे का कारखानाच बंद आहे हे ओळखता येईल का, आत कुठेतरी स्पर्म शिल्लक असतील का, यावर अभ्यास चाललेत आणि काही निकाल चांगले पण आलेत. पण एका अभ्यासातले तुकडे दुसऱ्यात जुळत नाहीत, लॅब बदलली की आकडे बदलतात. कलम कुठल्या झाडाचं ते न विचारता पेटीवर देवगड लिहिलेलं बघून पैसे देणारा माणूस तुम्ही नाही.

तुम्हाला आज उपयोगी पडतील त्या टेस्ट जुन्याच आहेत. एफएसएच म्हणजे स्पर्म बनवा म्हणून मेंदूकडून अंडकोषाला येणारं हार्मोन. ते २२ म्हणजे मेंदू ओरडून ओरडून सांगतोय, आणि खालून उत्तर नाही. रस्ता तुंबलेला असता तर एफएसएच बहुतेक नॉर्मल आला असता. म्हणून कॅरिओटाइप, म्हणजे क्रोमोसोमची तपासणी, करा, एखाद्याला एक एक्स क्रोमोसोम जास्त असतो आणि तो लग्नानंतर चार वर्षांनी कळतो, तोवर कोणाला शंका पण नसते. आणि वाय क्रोमोसोमचे तुकडे गळालेत का ती टेस्ट करा. तिच्यात ए, बी, सी असे तीन भाग बघतात. ए किंवा बी भाग पूर्ण गेला असेल तर ऑपरेशन करून काही मिळत नाही, खर्च आणि टाके दोन्ही वाचतात. फक्त सी गेला असेल तर आशा असते, पण मुलगा झाला तर त्याच्याकडेही तोच दोष जाणार हे आधी दोघांनी बसून बोलून घ्या. मायक्रो-टेसे या ऑपरेशनमध्ये मायक्रोस्कोपखाली अंडकोषातल्या नळ्या एकेक बघून फुगीर नळी निवडतात. तुमच्यासारख्या केसमध्ये चांगल्या हातांकडे साधारण निम्म्या जणांमध्ये स्पर्म सापडतात, निम्म्यांत नाही. हे तोंडावर सांगणारा डॉक्टर शोधा. सापडले तर इक्सी, म्हणजे एक स्पर्म उचलून सरळ बीजांडात सोडणे, १९९२ पासून चालू आहे.

अंडकोषाची सोनोग्राफी पण करून घ्या. स्पर्म शून्य असणाऱ्यांमध्ये अंडकोषाच्या गाठीचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. गंमत म्हणजे मायक्रोआरएनए खरोखर टेस्ट म्हणून जिथे सगळ्यात पुढे गेलाय ती हीच जागा, ३७१ नंबरचा एक तुकडा अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढलेला सापडतो. पण तो गाठीसाठी, मुलासाठी नाही, त्यामुळे क्लिनिकने तुम्हाला कुठलं पॅनल विकायला काढलंय ते लेखी मागा. आणि क्लिनिकची २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या, कायद्याखाली नोंदणी आहे का ते पण विचारा, भिंतीवर सर्टिफिकेट असतं.

"ताई, रत्नागिरीत जिमला जातो, वय २६. ट्रेनरने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली, बॉडी मस्त झाली. पुढच्या वर्षी लग्न आहे. पुरुषी हार्मोन म्हणजे स्पर्म पण वाढतील ना?" – नाव नको

उलटं, बाळा. बाहेरून आलेलं बघून मेंदू म्हणतो घरात भरपूर आहे, आणि एफएसएच, एलएच ही अंडकोषाला कामाला लावणारी हार्मोन पाठवायचं बंद करतो, मग अंडकोषाच्या आत जे टेस्टोस्टेरॉन लागतं तेच आटतं आणि स्पर्म शून्यावर पण येऊ शकतात. नुसते स्पर्मच नाही, अंडकोष पण लहान होतात, आरशात दंड बघताना ते दिसत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. एकदम मनानेच बंद न करता डॉक्टरला दाखव, आजच, लग्नाची पत्रिका छापायच्या आधी.

"वडिलांच्या टेन्शनचा, तंबाखूचा परिणाम मुलावर होतो, तो मायक्रोआरएनएमधून जातो असं वाचलं. आमच्याकडे तर सगळेच तंबाखू मळतात. आणि दुसरं, मी चाकरमानी, गणपतीला पाच दिवस गावी येतोय तेव्हाच स्पर्म टेस्ट उरकावी म्हणतो. जुलैत डेंग्यू होऊन गेला, आता बरा आहे." – एक वाचक, सध्या डोंबिवली, मूळ गाव मालवण

पहिल्याचं असं, की स्पर्म नुसता डीएनए घेऊन जात नाही, थोडे आरएनएचे तुकडे पण बरोबर नेतो, त्यातले काही त्या सहा मीटरच्या नळीतून येताना उचललेले असतात, मुंबईहून येताना वाटेत वाशीला पिशव्या भरतात तसे. नर उंदरांना टेन्शन दिलं तर त्यांच्या स्पर्ममध्ये नऊ मायक्रोआरएनए वाढलेले दिसले. त्यांच्या पिल्लांचा ताणाला प्रतिसाद नेहमीपेक्षा मंद होता, आणि तेच नऊ तुकडे साध्या गर्भात टोचले तरी पिल्लं तशीच निघाली. प्रयोग भारी आहे, पण उंदराचा आहे. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या स्पर्ममधले मायक्रोआरएनए वेगळे असतात एवढं दिसलंय, त्याने मुलाचं काय होतं इथपर्यंत कोणी पोचलेलं नाही. तंबाखू सोडायला तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही, तोंडाच्या कॅन्सरचा वॉर्ड एकदा बघून या.

दुसऱ्याचं उत्तर, नको. जोराचा ताप येऊन गेला की त्याचा फटका पुढचे दोन-तीन महिने काउंटमध्ये दिसतो, कारण तापात जे अर्धवट बनत होते तेच आता बाहेर येतायत. गणपतीत टेस्ट केलीत तर रिपोर्ट डेंग्यूचा येईल, तुमचा नाही, आणि मग मोदक गोड लागायचे नाहीत. दिवाळीला करा, डोंबिवलीतच, आणि डबी घरून नेऊ नका.